एस्केप, मग एफ

मावशीचा उजवा हात गेला तेव्हा ती पुस्तकातल्या एकशे बाराव्या गाठीपर्यंत आली होती.

बंदराच्या कार्यालयात तिने तीस वर्षं संगणक सांभाळले, आणि त्या तीस वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांकडून दोराच्या गाठी शिकून घेतल्या. निवृत्तीनंतर ती त्यांचंच पुस्तक लिहायला बसली: कुठली गाठ कशासाठी, कशी मारायची, कशी सोडवायची. लिहायची टर्मिनलमध्ये, म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि बाकी काही नाही, अशा एका जुनाट एडिटरमध्ये. त्यात माउसचं काम नव्हतं, सगळा कारभार बटणांवर. ऑल्ट धरून एफ दाबलं की पुढची गाठ, ऑल्ट धरून बी दाबलं की मागची. हे शॉर्टकट तिने स्वतःच ठरवून घेतले होते.

पक्षाघाताच्या झटक्यातून ती वाचली. बोलणं शाबूत राहिलं, हट्टही शाबूत राहिला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहायला लागला. भाची फिजिओथेरपिस्ट होती. ती आठवड्यातून तीनदा येऊन व्यायाम करून घ्यायची. जुन्या कीबोर्डची बटणं जड म्हणून मावशीच्या मुलाने परदेशातून नवा, हलक्या बटणांचा लॅपटॉप पाठवला. जुन्यातलं सगळं काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, शेजारच्या इंजिनिअरकडून नव्यात उतरवून घेतलं. भाचीला वाटलं, आता मावशी कामाला लागेल.

पण महिना झाला तरी लॅपटॉप मिटलेलाच.

"अगं, उघडत का नाहीस तो?" एका दुपारी भाचीने विचारलं.

"बघू."

मावशीच्या तोंडी 'बघू' हा शब्द भाचीने जन्मात ऐकला नव्हता. ती काकांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. काकांनी आयुष्यभर बेकरी चालवली होती आणि आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "पहिल्याच दिवशी बसली होती गं. ऑल्ट-एफ दाबायची आणि मजकुरात भलतंच वाकडं अक्षर उमटायचं. वीसदा केलं, वीसदा तेच. मग मिटून ठेवला. म्हणाली, डावाही गेला बहुतेक. आणि रात्रभर कूस बदलत होती."

भाची तडक बाहेर आली आणि तिने लॅपटॉप मावशीपुढे उघडला.

"दाखव मला."

"काय दाखवू? बोटं ऐकत नाहीत. तूच म्हणालीस ना, मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं."

"ते मी उजव्या हाताबद्दल म्हणाले. डाव्याला काही झालेलं नाही. दाब."

मावशीने ओठ घट्ट मिटले. डावा अंगठा ऑल्टवर, तर्जनी एफवर. पडद्यावर शेपटी वळवलेलं एक परकं अक्षर आलं. "बघितलंस?" तिने मान फिरवली.

भाचीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि आपल्या धडधाकट हाताने तेच दाबलं. तेच वाकडं अक्षर. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"मावशी! मलाही येत नाहीये!"

"काय?"

"मलाही! माझे दोन्ही हात ठणठणीत आहेत आणि तरी येत नाहीये!"

 मावशी लाल होत गेली आणि स्वतःवरच उखडली. "मी गाढव आहे. तीस वर्षं लोकांना सांगत आले, आधी बघा की बटणातून निघतंय काय, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा हाताला दोष देऊन मोकळी झाले! अहो, माझा चष्मा आणा. एडिटर बंद कर गं. आता लिही, सी, ए, टी. एंटर. याला जे मिळेल ते हा जसंच्या तसं दाखवतो. आता ऑल्ट-एफ."

तेच वाकडं अक्षर.

"म्हणजे एडिटरकडे ऑल्ट पोचतच नाही. या लॅपटॉपला वाटतंय, ऑल्ट हे परकी अक्षरं काढायचं बटण आहे. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जा. कीबोर्ड. तिथे असेल काहीतरी."

होतंच. एका चौकटीत खूण करायची होती, एवढंच. महिनाभराचं मौन एका चौकटीपायी! भाचीने खूण केली आणि पुन्हा ऑल्ट-एफ दाबलं. या वेळी पडद्यावर टोपीसारखं चिन्ह, एक चौकोनी कंस, आणि त्यामागे एफ उमटला.

"आला!" काका दारातून म्हणाले. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोचा चेहरा वाचता येत होता.

मावशीने स्वतः करून पाहिलं आणि कळवळून हात मागे घेतला. अंगठ्याला जुना संधिवात होता. एक कळ दाबून धरली की दुसरी कळ खांद्यापर्यंत जायची. याआधी ऑल्टचं काम उजवा हात करत असे.

भाची काही बोलणार, तेवढ्यात मावशी पडद्याकडे झुकली. "थांब. टोपी आणि कंस म्हणजे एस्केप, ते वरच्या कोपऱ्यातलं बटण. म्हणजे ऑल्ट-एफ असं काही नसतंच गं! आधी एस्केप जातं, मग एफ. एकामागून एक."

"मग?"

"मग दोन्ही एकदम धरायची गरजच काय?"

एडिटर उघडून तिने एस्केप दाबलं, बोट उचललं, एफवर नेलं. काही झालं नाही. पुन्हा. तरीही नाही. भाचीचा चेहरा उतरला, मावशीचा नाही. आता ती कामावर होती. तिने आपली सेटिंगची फाइल उघडायला लावली आणि खाली खाली जात एका ओळीवर थांबली. एस्केपनंतर दुसऱ्या बटणाची वाट किती पाहायची, ते तिथे लिहिलं होतं: सेकंदाचा विसावा भाग. वर तिनेच कधीकाळी टीप मारली होती, 'थांबायला वेळ नाही.'

"कोण होती ही बाई?" मावशी म्हणाली.

"फार घाईची होती," काका म्हणाले. "पण मला आवडायची."

मावशीने एका बोटाने, एकेक बटण शोधत, विसाव्या भागाचे दोन सेकंद केले. टीपही बदलली: 'आता आहे.' मग एस्केप. बोट उचललं. एफ. पडदा सरकला आणि पुढची गाठ समोर आली.  मावशीने पुन्हा दाबलं, मग बी, मग परत एफ. एवढ्याशा गोष्टीसाठी भाचीला दुसरीकडे बघावं लागलं.

"आता नुसतं एस्केप दाबलं तरी हा दोन सेकंद डुलक्या काढणार," मावशी म्हणाली. "काढू दे."

पुढच्या महिन्यात भाचीच्या रुग्णालयात भूमितीचे एक निवृत्त शिक्षक आले, तेही एकाच हाताचे राहिलेले. कोणाशी बोलत नव्हते. भाचीने मावशीला गळ घातली, तेव्हा ती काकांचा हात धरून गेली आणि खाटेशेजारी लॅपटॉप उघडून बसली. शिक्षकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? माउस घ्या की!"

मावशी तासभर भांडली. शिक्षकही भांडले. नर्सने येऊन दोघांना दटावलं.

जिना उतरताना मावशी धापा टाकत म्हणाली, "अडाणी माणूस. गुरुवारी पुन्हा येऊ."