मुलाणी सरांची खूण

सांगलीला जाऊ नका, असं शकिलाबीनं, बायकोनं, मोहिद्दीन मुलाणी सरांना दोनदा बजावलं होतं. परीक्षा त्या पोराची आहे, तुमची नव्हे, असं तिचं म्हणणं. पण सर ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. वडूजच्या हायस्कुलात पी.टी.चे मास्तर म्हणून सारी हयात दुसऱ्यांना ऐकायला लावण्यात गेलेली. निवृत्तीनंतर एकाएकी ऐकायची सवय लागणार कुठून? इस्त्रीची पांढरी पँट घातली, डोक्यावर जुनी निळी टोपी चढवली आणि विट्यावरून सांगलीला जाणारी पहिली गाडी पकडून ते निघाले.

परीक्षा मल्हारची होती. आखातातल्या एका शहरात बेसबॉलची नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती. त्यातल्या एका संघात आपल्याकडचे बरेच खेळाडू घेतलेले, आणि त्यांना सांभाळायला आपल्याकडचाच एक सहायक कोच हवा होता. अर्ज ढिगानं आले होते, पण गाळता गाळता दोघेच उरले. एक कोल्हापूरकडचा धैर्यशील आणि दुसरा सरांचा मल्हार. त्या संघाचा परदेशी मॅनेजर स्वतः सांगलीत येऊन बसला होता. दोघांच्या हाताखाली एकेक संघ द्यायचा, त्यांचा सामना लावायचा आणि कोण कसा संघ चालवतो ते बघून माणूस निवडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. सरांच्या मते यात बघण्यासारखं काही नव्हतं. जो जिंकेल तो जाईल, एवढा सरळ हिशेब.

आता बेसबॉलचा कोच व्हायची वाट आपल्याकडे कुठल्या पाटीवर लिहिलेली नाही. क्रिकेटचा रस्ता शेंबड्या पोरालाही पाठ असतो. बेसबॉल म्हटलं की लोक आधी विचारतात, म्हणजे नेमकं काय? सरांनी मल्हारसाठी ही वाट स्वतः शोधली होती. पोरगं माणमधल्या एका वस्तीवरचं, बाप वाशीच्या बाजारात माथाडी. आठवीत असताना सरांनी त्याला कॅचर, म्हणजे बॅटरमागं बसून चेंडू धरणारा, केला आणि चार वर्षांत राज्याच्या संघात नेऊन उभा केला. बारावी झाल्यावर आईनं, रंगूबाईनं, पोलीस भरतीचा धोशा लावला. खेळाडूंच्या राखीव जागा होत्या, पोरगं अंगापिंडानं दणकट होतं, काम झाल्यातच जमा होतं. तेव्हा सर तिच्या दारात जाऊन म्हणाले होते, "रंगूबाई, पोलीस लय हुतील. कोच येकांदाच हुतोय."

मग आधी बी.पी.एड. मग पतियाळाचा कोचिंगचा कोर्स. मग पंचाची परीक्षा, कारण ज्याला पंचाच्या डोळ्यानं बघता येत नाही तो कसला कोच, असं सरांचं मत. मग सांगलीच्या कॉलेजात तासिकेवरची नोकरी, कारण इथलं मैदान चांगलं आणि बाहेरचे संघ इथं येतात. एकेक पायरी सरांनी सांगायची आणि मल्हारनं चढायची. त्यानं का म्हणून कधी विचारलं नाही. याच गुणावर सर फिदा होते. बाकीची पोरं मोठी झाली की फाटे फोडायला लागतात. मल्हारनं सरांचा शब्द वरच्यावर झेलला. आता त्यानं तिशी ओलांडली होती. पोलीस भरतीचं वय केव्हाच उलटून गेलेलं, आणि तासिकेवरच्या मास्तराला मुलगी द्यायला माणदेशातही कोणी तयार नव्हतं. ही नोकरी लागली तर सगळ्याचं सोनं होणार होतं. नाही लागली, तर पुढची पायरी सरांनाही दिसत नव्हती.

सर मैदानावर पोचले तेव्हा दोन्ही संघ अंग मोकळं करत होते. मल्हार पळत आला आणि मॅनेजरसमोरच वाकून सरांच्या पाया पडला. मॅनेजर साठीचा, जाडजूड, उन्हानं लाल झालेला गृहस्थ होता. त्यानं भुवया वर केल्या आणि शेजारच्या पोरीला काहीतरी विचारलं. ही प्रियदर्शनी, लीगच्या पुण्याच्या ऑफिसातली. साहेबाचं बोलणं मराठीत आणि इतरांचं इंग्रजीत करायचं काम तिच्याकडे होतं.

"घाबरू नगं," सरांनी मल्हारच्या पाठीवर थाप मारली. "मी हाय पायऱ्यांवर. तिसऱ्या बेसच्या अंगालाच बसतो."

मल्हारचा चेहरा एकदम हलका झाला. ते बघून सरांना फार बरं वाटलं. माणसाला मुलगा असला तर तो असाच असावा, असं त्यांच्या मनात आलं.

सामना रंगला. मल्हारचा संघ कधी पुढे, कधी मागे. इनिंगमागून इनिंग मल्हार तिसऱ्या बेसजवळच्या कोचच्या चौकटीत उभा राहून खुणा करत होता. टोपीला हात, कानाच्या पाळीला हात, कोपरावर दोन टिचक्या. सगळ्या सरांच्याच खुणा. वडूजच्या शाळेचा संघ या खुणांसाठीच जिल्ह्यात गाजलेला होता. पायऱ्यांवर शेजारी एक ओळखीचे क्रीडाशिक्षक बसले होते, त्यांना सर रंगात येऊन सांगू लागले.

"ह्यो मल्हार दहावीत असताना येकदा माझ्या खुणेबिगर पळाला. रन काढली, मॅच जिंकली. तरी फुडल्या मॅचला बाहेर बसीवला गड्याला. फायनल हुती. रडला लय. पर परत कवा आगाऊपणा केला न्हाई."

शेजारच्यानं मान डोलावली. शिस्त म्हणतात ती हीच, असं काहीतरी तो म्हणाला.

शेवटच्या इनिंगला दोघांच्या रन सारख्याच होत्या. मल्हारचा यशराज दुसऱ्या बेसवर उभा होता. कॉलेजातलाच पोरगा, पायाचा चपळ. एक रन निघाली की सामना खिशात. बॅटरनं चेंडू डावीकडे लांब मारला. यशराज सुटला तो तिसऱ्या बेसकडे. पळणाऱ्याला मागचं दिसत नाही. चेंडू कुठं आहे ते त्याला तिथला कोच हातांनी सांगतो. दोन्ही तळवे पुढे धरले तर थांब. हात गोल फिरवला तर थेट होमकडे, म्हणजे रन पुरी होते त्या शेवटच्या टप्प्याकडे पळ.

मल्हारनं तळवे पुढे धरले. तिघांपैकी एकच गडी बाद होता आणि पुढे त्याचा सगळ्यात भरवशाचा बॅटर येणार होता. यशराजला तिसऱ्या बेसवर ठेवणं शहाणपणाचंच होतं. पण सरांची नजर चेंडू धरणाऱ्या पोरावर होती. हा पोरगा मघापासून खांदा चोळत होता, त्याची फेक होमपर्यंत जाणार नव्हती. आपण कधी उठलो ते सरांना कळलंही नाही. ते पायऱ्यांवर उभे राहिले होते आणि त्यांचा उजवा हात रहाटासारखा गरागरा फिरत होता.

मल्हारनं मान वळवली. खेळ ऐन रंगात, चेंडू मैदानात, आणि त्यानं मैदानाकडे पाठ करून पायऱ्यांकडे बघितलं. सरांचा हात दिसताच त्याचे तळवे खाली आले आणि त्याचाही हात फिरू लागला. थबकलेला यशराज पुन्हा सुटला. चेंडू दोन टप्पे खात, मरगळून आला. धुळीत घसरलेल्या यशराजवर पंचानं दोन्ही हात पसरले. सेफ.

पोरांनी मल्हारला खांद्यावर घेतलं. कुणीतरी गुलाल आणलेलाच होता. सरांचा जीव भांड्यात पडला आणि छाती वीतभर फुगली. टोपी सारखी करत ते पायऱ्या उतरले. खाली मॅनेजर त्यांच्याकडेच येत होता, मागोमाग प्रियदर्शनी.

"साहेब विचारतायत, तो हात तुम्ही फिरवलात का?"

"व्हय, मीच," सर म्हणाले. एवढं खणखणीत 'व्हय' त्यांनी लग्नात काझीपुढेही म्हटलं नसेल.

मॅनेजरनं त्यांचा हात हातात घेऊन दाबला. "साहेब म्हणतात, निर्णय अगदी बरोबर होता. त्या मुलाचा खांदा त्यांनीही हेरला होता." प्रियदर्शनीनं साहेबाचं पुढचं बोलणं ऐकून घेतलं. "आणि विचारतायत, मल्हारनं तुमच्याकडं का बघितलं?"

"आवं, गुरू हाय मी त्याचा. त्यो आणि कुणाकडं बघंल?"

तिनं ते इंग्रजीत सांगितलं. मॅनेजरनं दोनदा मान हलवली, अदबीनं टोपी काढली आणि तो निघून गेला. सरांना वाटलं, झालं काम.

संध्याकाळी नाव जाहीर झालं ते धैर्यशीलचं, हरलेल्या संघाच्या कोचचं. सरांना आधी वाटलं, वाचण्यात गफलत झाली असावी. मग त्यांचं डोकं सणकलं. हा वशिला म्हणायचा की काय, असं पुटपुटत त्यांनी मैदानाच्या फाटकाशी प्रियदर्शनीला गाठलं. ती गाडीत बसत होती, पण त्यांना बघून उतरली.

"सर, साहेबांना मल्हार आवडला होता," ती म्हणाली. "शेवटच्या बॉलपर्यंत त्याचंच नाव होतं. ते म्हणाले, त्यानं यशराजला थांबवलं असतं आणि सामना हरला असता, तरी मी त्यालाच नेलं असतं. चुकला तरी निर्णय त्याचा असता."

सरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"तिकडं पायऱ्यांवर तुम्ही नसणार ना, सर," ती हळूच म्हणाली.

गाडी गेली. सर फाटकाचा गज धरून उभे राहिले. ज्याला ते आयुष्यभर शिस्त म्हणत आले, ते काय होतं हे एका परक्या माणसाला एका दुपारी दिसलं आणि आपल्याला इतक्या वर्षांत दिसलं नाही, याची त्यांना लाज वाटली. दहावीतलं पोरगं स्वतःच्या डोक्यानं पळालं होतं आणि जिंकून आलं होतं. त्याला उचलून घ्यायचं सोडून आपण बाहेर बसवलं. ही गोष्ट आज दुपारीच आपण मिटक्या मारत सांगितली, हे आठवून तर त्यांना स्वतःचा संताप आला. शकिलाबीचं ऐकलं असतं तर पोरगं आज आखाताच्या तयारीला लागलं असतं.

मल्हार त्यांना सोडायला एस.टी. स्टँडवर आला. कपाळावरचा गुलाल त्यानं धुतला होता, कानामागचा राहिला होता. त्यानं सरांना खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली आणली आणि खाली खिडकीशी उभा राहिला.

"मल्हार, माझं चुकलं रं," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी कुठल्याच विद्यार्थ्यापुढे कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते अडखळत आलं.

मल्हारला खरोखरच नवल वाटलं. "तुमचं काय चुकलं, सर? यशराज सेफ हुता की. मीच येडा, त्याला थांबवाय निघालो हुतो."

त्या चेहऱ्यावर राग असता तर सरांनी तो आनंदानं सोसला असता. पण राग नव्हताच. तिथं नुसता विश्वास होता, आठवीत होता तेवढाच.

ड्रायव्हर चढला. इंजिन घरघरलं. मल्हार खिडकीच्या गजाला धरून जरा वर झाला.

"मग सर, आता फुडं काय करू म्हन्ता?"

सरांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. कोल्हापूरला एक नवी अकादमी निघत होती, तिथले चालक ओळखीचे होते. उद्याच फोन टाकता आला असता. त्यांनी तोंड उघडलं आणि ओठ चावून मिटलं.

"ते तुझं तू ठरीव," ते म्हणाले. "मला इचारू नगंस. तुझ्या मनाला यील ते कर."

गाडी हलली तसा मल्हार गज सोडून मागं सरकला आणि नेहमीसारखी मान तुकवली.

"बरं, सर," तो म्हणाला. "तुमी म्हणताय तर ठरवतो."