भोंगा काढायचा राहून गेला

मित्रांनो, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालेली एक गाडी आहे. घाबरू नका. वेग कमी करू नका, खिशात कागद चाचपू नका, सीटबेल्टही घाईघाईने ओढू नका. म्हणजे सीटबेल्ट लावा, पण माझ्या भीतीने नको.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथून माझी एक बहीण एका डॉक्टरांकडे गेली, दुसरी एका नव्या जोडप्याकडे गेली. माझ्या नशिबी खाते आले. डोक्यावर दिवा, पोटात वायरलेस, आणि पुढच्या जाळीमागे, म्हणजे माझ्या ओठांच्या आत, एक भोंगा. त्याचा माईक हवालदारांच्या हातात असे. आयुष्यभर मी जे काही बोलले ते या भोंग्यातून, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मी फारसे गोड बोलले नाही. "निळा शर्ट, बाजूला हो." "स्कूटरवाले, तुम्हाला वेगळं आमंत्रण द्यायचं का?" "गर्दी करू नका, इथे बघण्यासारखं काही नाही." हे शेवटचे वाक्य जिथे सगळ्यात जास्त बघण्यासारखे असेल तिथेच म्हणायचे, असा नियम होता.

मला पाहून कुणाचा चेहरा खुललेला मी पाहिला नाही. ज्यांनी फोन करकरून मला बोलावलेले असे, तेसुद्धा "आलात होय एकदाचे" अशा तोंडाने सामोरे येत. कौतुक माझ्या वाट्याला एकदाच आले. मोठे साहेब तपासणीला आले, माझ्या बॉनेटवरून बोट फिरवून बोट पाहिले आणि म्हणाले, "हं." आमच्या ड्रायव्हरने तो "हं" पुढे बरीच वर्षे जपून वापरला.

मग नव्या गाड्या आल्या आणि मला चौकीच्या मागच्या आवारात उभे केले गेले. टायर बसले. आरशात कोळ्यांनी संसार थाटला. मागच्या सीटवर एक मांजर व्याली. माझ्या मागच्या सीटवर आपल्या पायांनी येऊन बसलेली ती पहिलीच. बाकीच्यांना बसवलेले होते. म्हणून तर माझी मागची दारे आतून उघडत नाहीत, बाहेरूनच उघडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विकण्याआधी माझ्या अंगावरची सरकारी चीजवस्तू उतरवायला एक माणूस आला. त्याने दिवा काढला, सायरन काढला, भोंग्याचा माईक काढला, वायरलेस असा उपटला की तिथे उंदराला बंगला बांधता येईल एवढे भोक पडले. भोंगा काढायचा तर पुढचा बंपर सोडवावा लागतो. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. जेवून आल्यावर त्याला वाटले की भोंगा काढला आहे, आणि त्याने "सर्व काढले" असे लिहून दिले. एकदा लिहिले की वस्तू आपोआप निघते, अशी आमच्या खात्यात श्रद्धा आहे.

मला घेतले ते फोटोफ्रेम करणाऱ्या काकांनी. त्यांना लांबलचक फ्रेमा आणि काचा न्यायला दणकट गाडी हवी होती. त्यांनी मला दुधावरच्या सायीसारखा रंग दिला, पण ऊन तिरपे पडले की रंगाखालून "पोलीस" हा शब्द अजून डोकावतो. पुढची डावी सीट काढून तिथे काचा उभ्या करायचा लाकडी घोडा बसवला. जी मी चोरांच्या मागे सुसाट धावले, ती मी आता काचा तडकू नयेत म्हणून गतिरोधकावरून बाळंतिणीसारखी चालू लागले. मित्रांनो, खरे सांगते, मला बरे वाटले. धावून धावून मी कुठे पोहोचले होते?

पुढे सीट नाही म्हटल्यावर काकू मागे बसत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, लोकांना वाटेल मला पकडून नेताहेत."

"मग मान खाली घालून बस," काका म्हणाले. "शोभून दिसेल."

आता मागचे दार आतून उघडत नाही, त्यामुळे दर वेळी काका उतरत, वळसा घालून येत आणि काकूंना दार उघडून देत. गल्लीत बोलबाला झाला. समोरचे केशकर्तनालयवाले तर गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून सांगत, "बघा, याला म्हणतात संसार." दार आतून उघडतच नाही हे काकांनी कुणाला सांगितले नाही. अशी कीर्ती सहसा पदरात पडत नाही.

काकूंनी आपली पिशवी अडकवायलाही माझ्यात एक खुंटी शोधून काढली होती. ड्रायव्हरची सीट आणि काचांचा घोडा यांच्या मध्ये एक काळा खोका आहे, त्याला मागच्या बाजूने एक बोंड आहे. ती खुंटी नव्हे, भोंग्याचे बटण होते. पिशवीच्या वजनाने ते रोज खाली व्हायचे. पण माईकच नाही तर भोंगा बोलणार काय? तो गप्प असायचा आणि मीही.

गेल्या काही दिवसांपासून मात्र माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. काकू भर उन्हातही गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसू लागल्या होत्या. काका फ्रेम पोचवायला कुणाच्या जिन्याने वर गेले, की त्या माझ्या आरशात मान वळवून पाहत आणि कानाखाली एक जागा दाबत. एकदा बहिणीला फोनवर म्हणाल्या, "गाठ आहे गं. तुकडा काढून तपासायला दिलाय. ह्यांना नाही सांगितलं. मागे मला नुसता ताप आला तर ह्यांनी काचेऐवजी बोट कापून घेतलं होतं. रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

सुताएवढा तिरपेपणा नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा हा माणूस. त्याला बायकोच्या गळ्यातली ओढणी दिसत नव्हती. आणि मला दिसत होती, पण मला तोंड नव्हते. निदान मला तसे वाटत होते.

त्याच सुमारास परगावच्या लेकीने एक खोके पाठवले. त्यात माझ्यासाठी नवी टचस्क्रीन होती: नकाशा, गाणी, मागचा कॅमेरा आणि फोन, सगळे एकात. "बाबा, ते डॅशबोर्डमधलं भोक बघवत नाही," अशी चिठ्ठी होती. ती बसवायला एक डेकवाला आला. डेकवाला म्हणजे गाड्यांना आवाज देणारा माणूस, आणि त्याचा स्वतःचाही काही कमी नव्हता. डॅशबोर्डच्या भोकात डोके घालून तो म्हणाला, "काका, काय वायरिंग आहे. नवीन टाकायलाच नको. स्पीकरला जाणारी जोडी आयती आहे इथे."

"नक्की स्पीकरचीच आहे ना?" काकांनी विचारले.

"काका, मी तुम्हाला काच कशी कापायची हे विचारतो का?"

काका गप्प बसले. ती वायर आधी भोंग्याच्या खोक्यात शिरून मगच मागच्या स्पीकरकडे जात होती हे आम्हा तिघांत एकट्या मला ठाऊक होते. त्याने गाणे लावून पाहिले. मागच्या दारांतल्या स्पीकरमधून छान आवाज आला. पिशवी तेव्हा घरात होती, बटण वर होते, म्हणून पुढून काहीच आले नाही. काकांचा फोन बटणांचा, म्हणून काकूंचा फोन जोडून देऊन डेकवाला गेला. स्क्रीन उजळली. "स्वागत आहे," असे तिच्यावर आले. माझ्याशी कुणी इतक्या आदराने बोलण्याची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर कामाच्या वेळेला मी दुकानासमोर उभी होते. काका आत एका आरशाची काच कापायला घेत होते. दुकानात गिऱ्हाइके होती. काकू बाहेर आल्या. त्यांनी माझे पुढचे दार उघडून किल्ली फिरवली, पंखा लावला, मग सवयीने मागे जाऊन बसल्या आणि दार ओढून घेतले. सगळ्या काचा वर. त्यांनी जागा अचूक निवडली होती. पोलीस गाडीच्या मागच्या सीटकडे लोक पाहत नाहीत. पाहिले तरी लगेच नजर वळवतात. तो शिरस्ता रंगाखालूनही टिकला आहे.

मग त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली.

जाळीमागे खर्र झाले. मित्रांनो, कित्येक वर्षांनी माझा घसा साफ होत होता. काकूंनी हॉस्पिटलला फोन लावला आणि मला कळले की आता जे काही व्हायचे ते माझ्याच तोंडून होणार. वाईट निघाले तर? काचेवर चाललेला काकांचा हात मला इथून दिसत होता. मला ब्रेक होते, हॉर्न होता, पण त्यांतले एकही स्वतःचे स्वतः दाबता येत नव्हते.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," माझ्या भोंग्यातून एक बाई साऱ्या गल्लीला म्हणाली. "कृपया प्रतीक्षा करा."

गल्ली थांबली. पोलीस गाडीच्या भोंग्याने थांबा म्हटले की पाय आपोआप थांबतात, ती सवय लोकांच्या हाडात असते. एक स्कूटरवाला जागच्या जागी पाय टेकून उभा राहिला. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका थबकल्या. भोंग्यातून बासरी वाजू लागली, तरी कुणी हलेना. केशकर्तनालयवाले अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासह दारात आले.

"काय झालं?"

"माहीत नाही. थांबायला सांगितलंय."

बासरी थांबली. "नमस्कार, डॉक्टर बोलतेय. तुम्ही एकट्या आहात ना?"

आत काकू हळू म्हणाल्या, "हो, गाडीत एकटीच आहे." हे बाहेर ऐकू गेले नाही. बाहेर फक्त डॉक्टरबाई ऐकू येत होत्या, आणि कानाशी स्पीकर व पंख्याची घरघर असल्याने काकूंना पुढचा भोंगा कळत नव्हता. त्या पुढे म्हणाल्या, "मिस्टरांना सांगितलंत का? ... अहो, असं कसं चालेल? फ्रेमचं दुकान आहे ना त्यांचं?"

दुकानात काचेवर चालणारी कापणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, मध्येच कर्कश वाजली आणि थांबली.

"बरं, तर तुमच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट. एक मिनिट हं. माझा चष्मा... सिस्टर, माझा चष्मा बघितलात का?"

अख्खी गल्ली डॉक्टरबाईंचा चष्मा शोधत होती. स्कूटरवाल्याने इंजिन बंद केले. अर्ध्या दाढीवर साबण वाळत होता. आत काकूंनी दोन्ही हातांनी पिशवीचा बंद धरला होता. जरा वर उचलला असता तरी आवाज बंद झाला असता, पण त्यांना काय ठाऊक. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतक्या लोकांना इतके गप्प कधीही करू शकले नव्हते.

"हां, मिळाला. गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. पुन्हा सांगते, कॅन्सर नाही. औषधाने जाईल. आणि आता आधी मिस्टरांना सांगा."

आत काकूंनी ओढणीचे टोक तोंडाला लावले. बाहेर कुणीतरी इतका मोठा निःश्वास सोडला की मला वाटले माझाच टायर गेला.

काका दुकानातून बाहेर आले. हातात कापणी तशीच होती. त्यांनी माझ्या बाजूने वळसा घातला आणि मागचे दार उघडले. काकूंनी घाईघाईने डोळे पुसले.

"अहो, झाली का काच कापून?"

"नाही. तिरपी गेली."

"लागलं नाही ना?"

"नाही." काका दाराला धरून उभेच राहिले. "ओढणी काढ जरा. बघू."

"काय बघू?"

"साधी आहे म्हणाली ना ती? दोनदा म्हणाली."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"गाडीने," काका म्हणाले, आणि कापणी खिशात घालून खाली, माझ्या पायरीवर, बसले. "मला कसं दिसलं नाही गं?"

"मी दिसू दिलं नाही म्हणून," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरल्या.

मग त्यांना समोरची गल्ली दिसली.

केशकर्तनालयवाले खाकरून म्हणाले, "वहिनी, आम्ही काही ऐकलं नाही. पण फार बरं झालं." अर्ध्या दाढीने मान हलवून दुजोरा दिला. बायकांपैकी एकीने पिशवीतला पेरू काढून काकूंच्या हातात ठेवला, कारण हातात तोच लागला. आणि स्कूटरवाला अदबीने म्हणाला, "साहेब, मग मी निघू का आता?"

"निघा," काका म्हणाले. माझ्या इतक्या वर्षांच्या सेवेत सुटका झालेला माणूस हसत गेलेला तो पहिलाच.

डेकवाल्याला बोलावणे गेले. तो आला, खाली वाकला, भोंगा पाहिला आणि म्हणाला, "काका, हा दोष माझा नाही. हा खात्याचा दोष आहे." ते अर्धे खरे असल्याने काका वाद घालत बसले नाहीत. त्याने ती वायर तोडली, नवी ओढली, बंपर सोडवून भोंगाही काढला. मग उत्साहाच्या भरात मागच्या दाराकडे वळला. "हे आतून उघडत नाही वाटतं. पाच मिनिटांत करून देतो."

"त्याला हात लावू नकोस," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, सुरक्षेचा प्रश्न आहे."

"तेवढी एक कडी आतून ओढता येईल अशी कर, अडीअडचणीला. पण ह्यांच्या देखत ओढणार नाही मी. ह्यांना उतरून यावं लागतं, ते असू दे."

तर मित्रांनो, आता मी पूर्ण निवृत्त आहे. भोंगा गेला. माझ्या तोंडून निघालेला शेवटचा शब्द "सांगा" हा होता, आणि आयुष्यभर जे बोलले ते पाहता मी स्वस्तात सुटले. आता स्क्रीनवर नकाशा असतो, काकांच्या आवडीची गाणी मागच्या दारांतून हळू वाजतात आणि काकूंच्या गळ्यात ओढणी नसते.

तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी जुनी गाडी आली, तर नवे काही जोडण्याआधी जुनी वायर कुठे जाते ते पाहा, आणि सांगणाऱ्याचा आवाज मोठा आहे म्हणून गप्प बसू नका. आणि कुणी काचा वर करून मागच्या सीटवर एकटेच बसलेले दिसले, तर नजर वळवू नका. वळसा घालून त्यांच्या दाराशी जा. काही दारे अजूनही बाहेरूनच उघडावी लागतात.