ऐकण्यापुरता ड्रायव्हर

पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर तांदळाच्या दाण्याएवढी फुली होती. लॅपटॉपला आवाज नाही, एवढाच तिचा अर्थ.

लॅपटॉप दादाने वापरून दिलेला. त्यातली जुनी सिस्टिम चालेनाशी झाली तेव्हा धाकटीने नवी, फुकटची घातली. चित्र आलं, आवाज गेला. आवाजाची चिप नव्या सिस्टिमच्या ओळखीचीच नव्हती. दादा घरातल्या साध्या, बिनकॅमेऱ्याच्या फोनवर आईला विचारायचा, माझ्याकडे कायमची कधी येतेस? आई म्हणायची, लॅपटॉप नीट होऊ दे, तोंड बघून बोलू. यात बरेच महिने गेले.

धाकटी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. घरी आल्यावर आईची आंघोळ, औषधं, जेवण; मग उरलेल्या ताकदीनिशी ती ड्रायव्हर घेऊन बसायची. सिस्टिमला चिपशी बोलायला लावणारा हा प्रोग्रॅम नाना तऱ्हेच्या यंत्रांसाठी लिहिलेला, अगडबंब. या चिपपाशी तो अडखळायचा, म्हणून तिने तो तासायला घेतला. हेडफोनचा भाग काढला. टीव्हीला आवाज द्यायचा काढला. माइकचाही काढला, दादा बोलायला लागला की या घराला ऐकायचंच काम असे. चिपपासून स्पीकरपर्यंतची तेवढी वाट राहिली.

"शास्त्रज्ञबाई, नवा घ्या की एक," दादा चिडवायचा. ती फोन आईकडे देऊन पुढची ओळ खोडायची. आई दादाकडे गेली तर निदान सुट्टीच्या दिवशी झोपता येईल, असं मनात यायचं आणि ती विचार तिथेच तोडायची.

एका सुट्टीच्या सकाळी व्हिडिओ कॉल लावल्यावर स्पीकर खरखरला आणि दादाचा आवाज खोलीत आला. आई दचकली, मग हसली. त्याने लगेच विषय काढला. खोली रंगवून ठेवलीय, खिडकी मोठी आहे. तिकीट काढू ना?

आई काहीतरी पुटपुटली. माइकशिवाय ते त्याच्यापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. तिची मान मात्र हलत होती. कंपवातामुळे ती अलीकडे सतत हलायची. दादाला त्यात होकार दिसला. काढतो मग, म्हणाला.

तो होकार नव्हे, हे धाकटीला ठाऊक होतं. गप्प राहणं फार सोपं होतं. मग तिने फोन उचलून त्याला थांबायला सांगितलं आणि फोन आईपुढे धरला. आईने तो बाजूला सारला. तोंड बघूनच बोलायचं ठरलंय ना, म्हणाली.

धाकटीने काढलेला माइकचा भाग परत आत घातला आणि ड्रायव्हर पुन्हा तयार करायला लावला. पडद्यावरून ओळी सरकत राहिल्या. आईचा चहा गार झाला.

"राहू दे गं, दमलीस," आई म्हणाली. "ऐकू येतंय तेवढं पुरे."

"नाही पुरत, आई."

कॉल पुन्हा लागला. आई पडद्याकडे वाकली.

"माझी मान माझं ऐकत नाही रे, तिच्यावर जाऊ नकोस. हिच्या मदतीला बाई बघू आपण. पण मी तिकडे येणार नाही. इथंच राहणार आहे."