चढणीवरचे हिरडे

घाटघरच्या साळुबाईला गावानं चिकट ठरवून टाकलं होतं. घरापासून वरच्या माळापर्यंत उभी चढण, आणि त्या चढणीवर ही बाई दर वळणाला बसणार. हिरडा पडलेला दिसला, बसली. वाळकी काटकी दिसली, बसली. पुढं चालणारा तिचा नवरा, सावळाराम, मग थांबायचा. लगेच काही बोलायचा नाही. कमरेवर हात ठेवून नुसता दरीकडं बघत राहायचा, जसं काही दरी कालच कुणी आणून ठेवलीय. मग हळूहळू सुरू व्हायचा.

"एका हिरड्यानं… काय माडी बांधणारेस?"

"तुमी व्हा म्होरं."

"म्होरं होऊ? आन् तुला बिबट्यानं उचललं, तर भाकरी काय बिबट्या थापून घालणारे का मला?"

एवढं लांबलचक वाक्य मधे न तुटता बाहेर आलं, की साळुबाई उठायची. हिरडा ओटीत टाकायची आणि निमूट मागं चालू लागायची. तिला हिरड्याची हाव नव्हती. नवऱ्याला दम लागतो आणि तो मरेपर्यंत कबूल करायचा नाही, हे तिला कळून चुकलं होतं. बाईमाणसानं वाटेत बसलं तर चालतं. सावळाराम बसला असता तर गावानं विचारलं असतं, "काय पैलवान, थकला का?" तरुणपणी आंबेगावापर्यंतच्या जत्रांतल्या कुस्त्या मारलेला माणूस. ते त्याला सोसलं नसतं.

मागच्या वर्षी तपासणीत डॉक्टरांना त्याच्या छातीत आवाज ऐकू आला होता. हृदयातली एक झडप कडक होऊन अरुंद झालीय, असं निघालं. "मोटारीचा व्हॉल जाम होतो तसं," सावळारामनंच घरी समजावलं, जसं काही मोटार दुसऱ्या कुणाची आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, दम लागायला लागला की दिवस घालवायचे नाहीत, झडप बदलायची. आणि झडप बदलायची म्हणजे छाती फाडायची, एवढंच त्याला माहीत. शेजारगावच्या एकाची गळ्यापासून पोटापर्यंतची शिवण त्यानं बघितली होती. त्यामुळं त्याला दम लागत नव्हता.

या खेपेला जुन्नरला दाखवायला गेले तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी तेच विचारलं. "चढताना दम लागतो का, बाबा?"

"छ्या. ही मधीमधी बसती, म्हणून मला थांबावं लागतं."

डॉक्टरीणबाई साळुबाईकडं वळल्या. "आजी, तुम्हाला लागतो?"

परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? साळुबाई म्हणाली, "हां. मलाच लागतो."

"मग तुमची पण हृदयाची तपासणी करू. गुरुवारी या."

गुरुवारी ती सून मोहिनीला घेऊन यष्टीनं जुन्नरला गेली. गुरं वर माळावर होती, ती बघायला सावळाराम एकटाच निघाला. "आज तरी येळंवर पोचंन," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तिचं हृदय बराच वेळ बघितलं. "आजी, तुमचं तर ठणठणीत आहे. मग वाटेत दम लागतो कुणाला?"

साळुबाईनं मोहिनीला पाणी आणायला बाहेर पाठवलं. सुनेसमोर सासऱ्याचं उणं नको. मग सगळं सांगितलं. सांगताना नवऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं तिला वाटत होतं.

"पण त्यांची छाती फाडू नका, बाई. ते भितात. तसं म्हणायचे न्हाईत."

"फाडायची गरजच पडणार नाही बहुतेक. जांघेतल्या रक्ताच्या नळीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. तिच्या टोकाला नवी झडप आवळून बसवलेली असते. जागेवर पोचली की उघडायची, आणि नळी बाहेर काढून घ्यायची. पुण्यात करतात. काही दिवसांत घरी."

साळुबाईनं क्षणभर विचार केला. "म्हंजी परकरात नाडी ओवतो तसं. पिन लावून आतल्या आत सरकवायची."

"अगदी तसंच." डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "उद्याच घेऊन या. आणि तोवर चढण बंद."

"आज एकलेच गेलेत," साळुबाई म्हणाली. "मी नसंल तर ते थांबायचे न्हाईत."

पाणी घेऊन आलेल्या मोहिनीनं सासऱ्यांना फोन लावला. माळावर रेंज नव्हती.

यष्टीत साळुबाईनं काय बोलायचं ते जुळवलं. म्हणायचं, झडप माझीच बिघडलीय. नाडीसारखी ओवतात म्हणं, पण मला भ्या वाटतं. आधी तुमी करून दावा. मग तो नक्की तयार होईल. छाती काढून पुढं होईल. मोहिनीनं मधेच विचारलं, "आत्या, हसताय का?" ती म्हणाली, "न्हाई गं."

घरासमोर माणसं जमली होती. मुलगा संपत पुढं आला आणि आईचा हात धरून तिला आत घेऊन निघाला. गवत कापणारी लंकाबाई पडवीत बसून सगळ्यांना तेच तेच सांगत होती.

"माझ्या म्होरनं गेले. एकदाबी थांबले न्हाईत. मी म्हणलं पन, आज म्हातारी न्हाई तर गडी कसा सुसाट चाललाय. हसले माझ्याकडं बघून. पार वरच्या वळणाला घातलं पाऊल, आन् खाली बसले."

साळुबाईनं फक्त एवढंच विचारलं, "बसले? का पडले?"

"बसलेच, बाई."

"मग दमले असतील," ती म्हणाली.

दहावा झाला. गुरांना दहावा-तेरावा नसतो, म्हणून साळुबाई माळावर निघाली. आता तिला कुठं थांबायचं कारण नव्हतं, तरी पहिल्या वळणाला पाय आपोआप वाकले. हिरडा पडलेला होता. तिनं तो उचलला, फुंकर मारली आणि ओटीत टाकला. खालून भारा घेऊन लंकाबाई आली, तिच्याकडं बघत क्षणभर रेंगाळली, आणि पुढं गेली.

साळुबाई बसून राहिली. इथनं उठायचं कधी, ते तिला कळेना.