फाटकातून जाणाऱ्या गाड्या

कॉम्प्युटरच्या कारखान्यात तिला सगळे चिकटपट्टी म्हणत. एक तर ती खोकी बंद करायच्या कामावर होती, आणि दुसरं म्हणजे एकदा बोलायला लागली की सुटायची नाही. दुपारी मात्र तिची तंद्री लागायची. पांढरी खोकी संथपणे समोर सरकत यायची, छताच्या काचेतून ऊन त्यांच्यावर उतरायचं, हात आपोआप चालायचे आणि ती मनात घर बांधायची. घर कसलं, एक जादा खोली! लेक पंधरा वर्षांची झाली तरी स्वयंपाकघरात ओट्यालगत झोपत होती. मनातल्या खोलीला खिडकी होती, खिडकीत वारा होता, आणि लेक उताणी पडून पुस्तक वाचत होती.

ही खोली यायची होती शेअरमधून. कंपनीने पाच वर्षं बोनसऐवजी शेअर दिले होते, आणि तिने एकही विकला नव्हता.

पॅकिंगवाल्यांची एक जुनी रीत होती. कंपनीचं कसं चाललंय हे ते पेपरात बघत नसत. फाटकातून मालाच्या किती गाड्या गेल्या ते बघत. बारा गेल्या की बरं, वीस गेल्या की चंगळ. त्या वर्षी रोज तीस जाऊ लागल्या आणि चहाच्या सुट्टीत सगळे हवेत तरंगू लागले.

तिची धाकटी नणंद तिथेच हिशेबाच्या खात्यात होती. एक दिवस ती हातात पेपर घेऊन मुद्दाम पॅकिंगमध्ये आली.

"वहिनी, शेअर विकून टाक. आजच."

"वेड लागलंय का तुला? बाहेर गाड्यांची रांग बघ की!"

"अगं, कॉम्प्युटरचे भाव पाडलेत म्हणून रांग आहे. आधी समोरच्या कंपनीने पाडले, मग आपण, मग परत त्यांनी. सुटे भाग आपण महाग असताना घेऊन ठेवलेत. एका खोक्यामागे आता जेमतेम चहापुरतं सुटतं. हे बघ, छापूनच आलंय. नफाच उरला नाही तर शेअर कोण घेणार?"

तिने मान डोलावली आणि सोडून दिलं. नणंदेला तशीही काळजी करायची भारी हौस! डोळ्यांना दिसणाऱ्या तीस गाड्या खोट्या कशा असतील?

महिन्याभरात गाड्या चाळीस झाल्या आणि शेअर अर्ध्यावर आला. मग कंपनीने तोटा जाहीर केला आणि शेअर मातीमोल झाला. गाड्या तरीही जातच होत्या, उन्हात, एकामागून एक, झोपेत चालल्यासारख्या. तिला पहिल्यांदाच त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

शेवटी तिने सगळे विकले. कागद नणंदेनेच भरून दिले. ती एका शब्दानेही टोचून बोलली नाही, आणि तेच जास्त टोचलं.

"किती आले गं, आई?" संध्याकाळी लेकीने विचारलं.

"एक कॉम्प्युटर येईल एवढे," असं म्हणून ती हसायला गेली, पण हसू टिकलं नाही. "तोसुद्धा भाव उतरलाय म्हणून."

लेकीचे डोळे चमकले. "मग घेऊया ना!"

"घेऊ गं. पण ठेवशील कुठे?"

लेक स्वयंपाकघरात गेली. ओट्यालगतची वळकटी तिने उचलली आणि रिकामी झालेली जागा वितीने मोजली.

"इथे मावतो की," ती आतून म्हणाली. "मी काय, तुमच्या पायथ्याशी झोपेन."