अर्धं पाऊल

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. कंधारच्या अण्णारावांचं तर अख्खं घरच उठून नांदेडला गेलं. जिल्ह्याची वुशू या चिनी युद्धकलेची संघटना त्यांच्याच चेल्याने, संगमेश्वरने, निवडणूक लढवून ताब्यात घेतली आणि जाड मॅट अंथरलेला नवा हॉल उघडला. किल्ल्याजवळच्या मैदानात घाम गाळून तयार झालेली पोरं एकेक करून तिकडे सरकली. साक्षीचा जोडीदार अमरनाथही गेला. मागे राहिली ती एकटी साक्षी.

अण्णाराव ही चिनी विद्या शिकले हैदराबादेत, एका म्हाताऱ्या चिनी दंतवैद्याकडे. त्याचे पूर्वज म्हणे राजवाड्याचे पहारेकरी. राजघराणं पडलं, नव्या राजाने चाकरी देऊ केली, तर यांनी भाले खाली ठेवले आणि मुलूख सोडला. "राजा बदलला तरी पाऊल बदलायचं नाही," असं तो दंतवैद्य दात काढता काढता सांगायचा. तोंडात चिमटा असलेला माणूस वाद तरी काय घालणार? अण्णारावांनी ते वाक्य कंधारला आणलं आणि साक्षीने ते मनावर घेतलं.

तिच्यासाठी ते खरोखरचंच पाऊल होतं. ती तलवार घेऊन आणि अमरनाथ भाला घेऊन जोडीचा खेळ करायचे. सगळे वार आधी ठरलेले. शेवटी अमरनाथ झेपावून तिच्या गळ्यावर भाला रोखतो आणि ती मागे सरते. अण्णारावांच्या शिकवणीत दोघांचंही ते डावं पाऊल अर्धंच पडायचं, जरा लंगडल्यासारखं. संगमेश्वरने आपल्या पोरांना ते पूर्ण टाकायला लावलं. दोघांनी सारखं टाकलं तर काही बिघडत नाही. पण भालेवाल्याने पूर्ण टाकलं आणि तलवारवालीने अर्धं, तर भाला गळ्यात.

राज्याच्या निवडीसाठी जोडीचं नाव आधीच दिलं गेलं होतं, म्हणून संगमेश्वरला साक्षी चालवून घ्यावी लागली. नव्या हॉलमधल्या सरावात व्हायचं तेच झालं. टोक बोथट होतं, तरी गळ्यावर रक्त आलं.

"ती लंगडी चाल टाकून दे, साक्षी," संगमेश्वर म्हणाला.

"न्हाई टाकत, सर."

"मग तुझं तू बघ. अमर, तू पूर्णच पाऊल टाकायचं. कमी पडलं तर राज्याच्या संघातून तुझं नाव गेलं समज. मागं सरायचं काम तिचं हाय."

अमरनाथ मॅटकडे बघत परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. साक्षीला जखमेपेक्षा ते जास्त झोंबलं. याच माणसाशी लग्न करायचं तिने ठरवलं होतं; निवड झाली की दोघं घरी सांगणार होते. आता त्याचा भयंकर राग येत होता आणि राग येऊनही तो हवाच होता, ही मोठी पंचाईत.

निवडीच्या दिवशी अण्णाराव बसने आले आणि मागच्या बाकावर बसले. साक्षी पाया पडायला गेली, तेव्हा त्यांना तिच्या गळ्यावरची पट्टी दिसली. तिने काय घडलं ते सांगितलं. आपण पाऊल बदललं नाही, हे जरा तोऱ्यातच सांगितलं.

 अण्णारावांनी पँट वर सरकवून डावा गुडघा दाखवला. त्यावर उभा जुना व्रण होता.

"पोरी, ते पाऊल माझ्या दंतवैद्य उस्तादाचं न्हाई. मोटारसायकलवरून पडलो तवापासून हा पाय पुरता वाकत न्हाई. मी लंगडत शिकवलं, तुम्ही लंगडत शिकले. लई येळा सांगावं वाटलं. पण सगळे माझ्यासारखंच करून राहिले, ते बघून मला बरं वाटायचं."

"मग संगमेश्वर सरांचं..."

"बरोबर हाय त्याचं. पूर्ण पाऊल टाक. माझ्या गुडघ्यापायी गळा देऊ नको."

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. अमरनाथ समोरच्या टोकाला भाला धरून उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याला काही सांगायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. तो पूर्ण पाऊल टाकणार होता, तीही टाकणार होती.

खेळ सुरू झाला. तलवार भाल्याच्या दांड्यावर वाजू लागली. एका दुखऱ्या गुडघ्याला आपण देव्हाऱ्यात बसवलं, या विचाराने साक्षीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. कडेला संगमेश्वर हाताची घडी घालून अमरनाथच्या पायांकडे बघत होता. शेवटचा वार आला. अमरनाथ झेपावला. साक्षीने पूर्ण पाऊल मागे टाकलं.

भाला पोहोचलाच नाही. वीतभर अलीकडे थांबला, त्याचा लाल गोंडा नुसता हलत राहिला. अमरनाथचं डावं पाऊल अर्धंच पडलं होतं, लंगडत, हुबेहूब अण्णारावांसारखं. संगमेश्वरच्या डोळ्यांदेखत त्याने राज्याचा संघ पायाने ढकलून दिला होता, का तर तिचा गळा वाचावा. आणि तिने पूर्ण मागे सरून त्याला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतं. तो तिच्याकडे बघत होता. तू बदललीस, एवढंच त्याच्या तोंडावर होतं.

प्रेक्षकांत कोणीतरी हसलं. पंच गुण कापायला वाकले. साक्षीने डावं पाऊल पुढे टाकलं, अर्धं, लंगडं, आणि गळ्यावरची पट्टी भाल्याच्या टोकाला टेकवली. तिथेच उभी राहिली. 

निवड झाली नाही, हे सांगायला नकोच. संगमेश्वर आत निघून गेला. हॉलच्या पायऱ्या अण्णाराव एकेक करून उतरले आणि बसस्टँडकडे निघाले. एका बाजूने साक्षी आली, दुसऱ्या बाजूने भाला खांद्यावर घेतलेला अमरनाथ. म्हाताऱ्याच्या बरोबरीने चालायचं म्हणून दोघांनी आपापली पावलं अर्धी केली. कंधारची बस लागलेली होती.