दोन बोटं जागा

“वाढवा! अजून वाढवा!” ती ओरडली आणि कुणाची वाट न बघता स्वतःच पुढे होऊन तिने भूकंपासारखे धक्के देणाऱ्या यंत्राची कळ फिरवली.

लोखंडी पाटा गदागदा हलू लागला. त्यावर बांधलेला, पाण्याने गच्च भरलेला पाइप जोडाजोडातून पुढेमागे सरकायला लागला. खाली कोरडा कागद अंथरला होता. एक थेंब पडला, तर तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात. नाही पडला, तर उद्यापासून मोठ्या हॉस्पिटलची जुनी लाइन खणून तिने तयार केलेले हे हलते जोड बसवायचे, असा साहेबांचा शब्द होता.

भिंतीपाशी तिचे बाबा हाताची घडी घालून उभे होते. चाळीस वर्षं पाणीखात्यात फिटर. काम झालं की “पक्कं!” म्हणायची सवय, म्हणून अख्खं खातं त्यांना पक्केकाका म्हणायचं. मागच्या भूकंपात शहरभर जोड फुटले, पण हॉस्पिटलच्या फाटकासमोरचा त्यांचा जोड टिकला आणि जखमींना पाणी मिळालं. त्याबद्दल मिळालेलं घड्याळ घरात दर्शनी भिंतीवर होतं. ती लाइन खणायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच.

“हलतो तो जोड कसला?” सकाळी चहा पिताना ते म्हणाले होते. “खिळखिळ्या खुर्चीवर पाहुण्याला बसवशील का?”

“अहो बाबा, खालची जमीनच हलली तर त्याने ताठ राहून कसं चालेल?”

बाबांनी कप खाली ठेवला होता, जरा जोरातच.

यंत्र थांबलं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने कागदावरून तळवा फिरवला. कोरडा! खडखडीत कोरडा!

मग काय विचारता! कुणी शिट्टी वाजवली, कुणी टोपी उडवली. साहेब टाळ्या पिटत होते. बत्तीस वर्षांची ही बाई हेल्मेटसकट उड्या मारत होती आणि आनंदाने तिला रडू फुटलं होतं. डोळे पुसत तिने बाबांना शोधलं.

ते कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. पाहुण्यांना दाखवायला एक जोड मधोमध कापून ठेवला होता. आत पाइपच्या टोकापुढे थोडी जागा मोकळी होती. बाबांनी तिथे दोन बोटं घातली. बरोब्बर मावली.

“ही जागा चुकून राहिली, की ठेवली?”

“मुद्दाम ठेवली. धक्का बसला की पाइप त्यात सरकतो. जागाच नसली तर टोक आदळून जोड फुटतो.”

बाबांनी बोटं काढली नाहीत.

“तू झालीस त्या दिवशी मी फाटकासमोरच्या खड्ड्यात होतो,” ते म्हणाले. “निरोप आला. पाइप खुणेपर्यंत ढकलायचा राहिला होता. या दोन बोटांएवढाच. म्हटलं, उद्या बसवू. पण तुझ्या आईचं अवघड होतं. तीन दिवसांनी गेलो तर खड्डा बुजवून वर फरशा बसवलेल्या. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, पक्कं.”

लहानपणी रोज संध्याकाळी ते तिला त्याच फाटकाकडे फिरायला न्यायचे. एका जागी थांबून बुटाने फरशा दाबून बघायचे. केवढा अभिमान बाबांना, असं तिला वाटायचं. मैत्रिणींनाही तिने ती जागा दाखवली होती. ते ओल शोधत होते तर!

“म्हणून खणायला नको होतं तुम्हाला?”

“घड्याळ काढावं लागलं असतं ना भिंतीवरून.”

तिने त्यांचा दंड घट्ट धरला. हसावं की रडावं, तिला कळेना.

“बाबा, तीन वर्षं मी हीच दोन बोटं शोधत होते हो! भूकंपात पाइप त्याच जागेत सरकला असणार. म्हणून तर टिकला!”

बाबांनी आता कुठे बोटं बाहेर काढली.

तेवढ्यात साहेब तोंडभर हसू घेऊन आले. “काय पक्केकाका? कसा वाटला लेकीचा जोड?”

सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होते.

“उद्या फाटकासमोरची पहिली फरशी मी काढणार,” बाबा म्हणाले. “आणि झाडून सगळ्या फिटरांना खड्ड्याभोवती उभं करा. मला त्यांना काहीतरी दाखवायचंय.”